शेजारच्या सीटवरचा ब्रेक

फ्लोरामावशींचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. सोफ्यावर असोत, बसमध्ये असोत, नाहीतर आमच्याकडे जेवायला आलेल्या असोत, तो पाय आपला दाबला जायचा, सुटायचा, पुन्हा दाबला जायचा. टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली तरी ह्यांचा ब्रेक लागायचाच. एकदा हॅरोला एका लग्नात नवरा-नवरी सप्तपदी जरा घाईघाईत चालत होती, तेव्हाही मी तो पाय खाली गेलेला पाहिला. मी हसले. त्या म्हणाल्या, "हसतेस काय? पडली असती ना ती पोर."

लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. लोकांना म्हणजे मुख्यतः आमच्यासारख्या बायकांना. नवऱ्याबरोबर पुण्या-नाशकाहून आलेल्या, पोराला शाळेत सोडायला गाडी हवी पण राउंडअबाउटचा गोल चौक बघितला की धसका घेणाऱ्या. त्यांच्या लाल गाडीला दोन्ही बाजूंना पेडल होती, आणि त्यांच्या बाजूचा ब्रेक आमच्यापेक्षा जास्त झिजलेला होता. मी चार वेळा नापास झाले. पाचव्यांदा पास झाले ते त्यांच्या धाकाने. "चाक ज्याच्या हातात, निर्णय त्याचा. शेजारी बसलेला नुसता पाहुणा," हे त्यांचं पहिल्या दिवसाचं वाक्य. पण हा पाहुणा असा, की घरात पाऊल टाकताच गॅस बारीक करणार.

त्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. आडनाव नागावकर, जन्म भायखळ्याचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. देवाधर्माचं त्यांचं फारसं काही नसे, पण एक गोष्ट पक्की होती. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला. मग शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत त्या गाडीत बसत नसत. शनिवार म्हणजे शिकवणीचा सगळ्यात धंद्याचा दिवस, पण सोडला म्हणजे सोडला. "आईला शब्द दिलाय. सहा दिवस मी गाडीचं ऐकते, एक दिवस गाडीने माझं ऐकायचं." तो दिवस त्यांना अजिबात पेलत नसे हा भाग वेगळा. शनिवारी दुपारी त्या कालव्याच्या काठाने नुसत्या येरझाऱ्या घालत असत.

आणि अशा बाईचं लायसन्स गेलं. डोळ्यांत काचबिंदू. मशीनमध्ये डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं, तसली ती तपासणी. ह्यांनी निम्म्या ठिपक्यांना बटणच दाबलं नाही. बाजूची नजर गेलीय म्हणून पत्र आलं. ते पत्र त्यांनी माझ्या किचन टेबलावर आपटलं. "बाजूचं दिसत नाही म्हणे! मी? जिने आख्ख्या गावाला आरसे बघायला शिकवलं, ती? त्या मशीनलाच चष्मा लावा म्हणावं." भांडून-भांडून त्यांनी मार्चमध्ये पुन्हा तपासणीची तारीख मिळवली. ह्या खेपेला पास झाल्या की गाडी परत, नाहीतर कायमची गेली, एवढा सरळ हिशोब होता. तोवर त्या घरात पिंजऱ्यात कोंडल्यासारख्या फिरत होत्या. मला दिवसातून तीन-तीन फोन येत.

मी एका शाळेत लॅब टेक्निशियन आहे. फेब्रुवारीत आम्हाला आठवडाभर सुट्टी असते. एके दिवशी मावशी आल्या, कोटही न काढता म्हणाल्या, "सुजाता, आपण अमेरिकेला जातोय. वाळवंटातली पार्कं बघायला. तू चालवणार."

"मी? मी लंडनभोवतीच्या एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवरसुद्धा जात नाही हो."

"तिकडे रस्ते सरळ असतात. गुलामीतून सुटल्यावर आमचे लोक चाळीस वर्षं वाळवंटात फिरले. नकाशा कोण वाचत होता कोण जाणे! मला एक आठवडा पुरे. घरात बसून मार्च यायच्या आत मी वेडी होईन गं."

शेवटचं वाक्य त्या खाली बघून बोलल्या. तिथे मी विरघळले. माझा नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी? एकीला दिसत नाही, दुसरीला येत नाही!" त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही, पण तो खोटं बोलत होता असं नाही.

रविवारी निघायचं आणि पुढच्या रविवारी परत, म्हणजे विमानप्रवासात शनिवारची अडचण नको. लास वेगासला उतरून गाडी घेतली, आणि पहिल्याच सिग्नलला मी चुकीच्या बाजूला वळले. तिकडे सगळं उजवीकडून चालतं. मावशींनी पायाखालच्या चटईवर असा काही ब्रेक मारला की मीच दचकून थांबले. तिथून आठवडाभर ती चटई त्यांनी सोडली नाही. टाचेखाली तिला चक्क खळगा पडला.

फिरणं म्हणावं तर ते फिरणं नव्हतंच. पळापळ होती. आर्चेस पार्कमधल्या त्या दगडी कमानीपाशी धापा टाकत पोचलो, मी अजून टोपी सारखी करतेय तोवर, "बघितलं. चल." ब्राइस कॅन्यनला लाल दगडांचे हजारो सुळके आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ताजा बर्फ. मला खरंच रडू आलं. असं काही ह्या जन्मात दिसेल असं वाटलं नव्हतं. मावशींनी कठड्याशी उभं राहून मान अशी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवली, दोनदा, तीनदा, आणि म्हणाल्या, "बघितलं. चल, ऊन आहे तोवर पुढे जाऊ." मी चिडले. "एवढे पैसे घालून आलोय ते काय हजेरी लावायला?" त्या वळून चालू लागल्या. गाडीत बसल्या आणि पट्टा लावला.

बुधवारी खरी ठिणगी पडली. रस्ता सरळ रेषेत क्षितिजापर्यंत गेलेला, दोन्हीकडे खुरटी झुडपं आणि त्यांत बर्फाचे तुकडे, मागेपुढे चिटपाखरू नाही. मावशी म्हणाल्या, "बाजूला घे. दे मला दहा मिनिटं."

"नाही हो, मावशी."

"इथे कोण आहे धडकायला? मला फक्त बघायचंय जमतंय का. मार्चच्या आधी कळायला नको मला?"

"इन्शुरन्स माझ्या नावावर आहे."

"वा! चार वेळा नापास झाली तेव्हा बोलता येत नव्हतं, आता वकील झाली." मग साठ मैल अबोला. मला त्या अबोल्याचा ताप झाला. शेवटी मीच पडतं घेतलं, "डेथ व्हॅलीत मिठाचं मैदान आहे, सपाट. तिथे रविवारी सकाळी देईन." वेडेपणाच होता तो, पण त्यांचा चेहरा असा उजळला की शब्द मागे घेववेना.

शुक्रवारी झायन पार्कहून डेथ व्हॅलीला जायचं होतं, पाच तासांचा रस्ता. सूर्य मावळायच्या आत मोटेलवर पोचणं आलं. शुक्रवारचं वेळापत्रक त्या कुणाच्या हाती देत नसत. झायनमधल्या सूर्यास्ताची वेळ विचारून त्यांनी चिठ्ठीवर लिहून घेतली होती, सहा वाजून दहा मिनिटं. दुपारी युटा राज्य संपून नेवाडा लागलं आणि फोनवरचं घड्याळ आपोआप तासभर मागे गेलं. मावशी लहान मुलीसारख्या खूश. "बघ, देवाने एक तास दिला! चल, कॉफी पिऊ." पेट्रोल पंपावर आम्ही कॉफी प्यायलो, त्यांनी तिथल्या बाईला तिची व्हॅन मागे कशी घ्यावी हे शिकवलं, मी दोन टोप्या घेतल्या. घड्याळ मागे गेलं म्हणून सूर्य काही थांबून राहत नाही, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. चिठ्ठी झायनची आणि घड्याळ नेवाडाचं!

पाच वाजून गेले आणि उजेड लालसर व्हायला लागला. मी म्हटलं, "मावशी, अजून तास आहे ना?" त्यांनी चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ नेली, आणि त्यांना चूक कळली. चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली. समोरच्या डोंगराआड सूर्य गेला. रस्त्यावरून सावली आमच्याकडे सरकत आली, आम्ही तिच्यात शिरलो, आणि धाड्‌कन डॅशबोर्डवर हात पडला.

"स्टॉप!"

इमर्जन्सी स्टॉप असाच शिकवला होता त्यांनी. डॅशबोर्डवर थाप पडली की विचार न करता ब्रेक. माझ्या पायाने विचार केला नाही. टायर किंचाळले, टोप्या पुढे येऊन पडल्या, आणि निर्मनुष्य वाळवंटात रस्त्याच्या मधोमध आम्ही थांबलो.

गाडी कडेला घेतली. त्या खाली उतरल्या. बाहेर कडाक्याची थंडी पडायला लागली होती. मोटेल अजून पंचवीस मैल.

"लागला शब्बाथ. मी नाही येत. तू जा."

"जा काय जा? तुम्हाला इथे सोडून? गोठून जाल! जिवाशी खेळ आला की तुमच्यात सवलत असते, तुम्हीच सांगितलंय मला."

"ब्लँकेट आहे ना. इथेच थांबू सकाळपर्यंत."

"मावशी, पुरे झालं!" मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. माझा मलाच आवाज परका वाटला. "चाक ज्याच्या हातात, निर्णय त्याचा. तुमचंच आहे ना? मग बसा. पाप लागलं तर मला लागू दे."

त्या बॉनेटला धरून उभ्या होत्या. गरम होतं ते, म्हणून असेल असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "शब्बाथसाठी नव्हतं गं थांबवलं."

"मग?"

"ऊन गेलं आणि सगळंच गेलं. रस्ता नाही, कड नाही, काही नाही. मधे एवढंसं." त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून डोळ्यापुढे एक भोक केलं. "मला वाटलं आपण खाली चाललोय. घाबरले मी, सुजाता."

मी त्यांना धरलं. एवढी खणखणीत बाई माझ्या खांद्याला टेकली. ती मान फिरवणं, "बघितलं, चल," ऊन आहे तोवरची ती पळापळ, सगळं मला त्या क्षणी लख्ख कळलं. कठड्याशी उभ्या राहून त्या तुकडे गोळा करत होत्या आणि मी त्यांना हजेरीवरून बोलले होते. माझीच मला लाज वाटली. आणि रविवारी ह्यांच्या हातात किल्ली द्यायला निघाले होते मी!

"चला," मी म्हटलं. "पाहुण्यासारख्या बसा."

"पाप तुला. आठवण ठेव."

"आमच्याकडे गंगा आहे, धुऊन येईन."

"वॉटफर्डला?" म्हणाल्या, पण बसल्या.

मी दिवे लावले आणि निघाले. वळणांचा घाट होता, खाली दरी. चटईवर पाय दाबल्याचा आवाज येत होता, प्रत्येक वळणाला एक. मग दोन वळणांना एक. मग मला जाणवलं की बराच वेळ तो आवाज आलेला नाही. वळून बघणार होते, पण नजर रस्त्यावरून हलवायची नाही हेही त्यांनीच शिकवलेलं. थोड्या वेळाने बारीक घोरणं ऐकू आलं. फ्लोरामावशी झोपल्या होत्या, मी चालवत असताना. मी एकटीच्या हिमतीवर तो घाट उतरले.

मोटेलच्या दारात जाग्या झाल्या तेव्हा खजील झाल्या होत्या. "तीस वर्षं झाली, शेजारच्या सीटवर माझा डोळा लागला नव्हता. नवऱ्याच्या गाडीतसुद्धा नाही." शनिवारी तारे दिसेपर्यंत त्या मोटेलभोवती फेऱ्या मारत राहिल्या. रविवारी सकाळी मिठाच्या पांढऱ्याशुभ्र मैदानाशी मी गाडी थांबवली. त्यांनी किल्ली मागितली नाही. मीही काढली नाही.

फ्लोरामावशींना जाऊन आता दीड वर्ष होईल. मला मात्र त्या म्हटलं की मार्चमधली ती सकाळ आठवते. पुन्हा तपासणीचा दिवस. मी त्यांना न्यायला गेले. त्या कोट घालून, पर्स धरून दारातच उभ्या. गाडीत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली. उजवा पाय दाबला जात होता, सुटत होता. तपासणीला जायला पुढच्या राउंडअबाउटला उजवीकडे वळायचं होतं. मी इंडिकेटर दिला.

"डावीकडे घे," त्या म्हणाल्या.

"मावशी, ते उजवीकडे आहे."

"माहीत आहे मला. तीस वर्षं शिकवते. डावीकडे घे, मासेवाला आहे तिकडे."

मी आरसा बघितला, इंडिकेटर बदलला, डावीकडे वळले. माझे डोळे भरून आले होते, पण चाक माझ्या हातात होतं. त्यांनी खाली हात घालून सीट मागे सरकवली, दोन्ही पाय लांब केले आणि काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "आता जरा दाब की गं. पापलेटं संपतील."