अहो, चालू असू द्या

निवृत्तीनंतर दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, कुकटपल्लीत दुधाची शेड घातली आणि पाडव्याला नांदेडपर्यंत चक्का पाठवायचं मनावर घेतलं. जुना ट्रेलर मिळाला होता. माल थंड ठेवणारं युनिट तेवढं त्याला बसवायचं होतं. हे जमलं नाही तर शेड विकून पुण्याला मुलीकडे जाईन, असं त्याने जाहीर केलं. नल्लकुंट्यात आमची घरं एकाच गल्लीत. संध्याकाळचा चहा मी त्याच्याकडेच घेत असे, म्हणून त्या युनिटमध्ये माझाही स्वार्थ होता.

एका कंपनीने आम्हाला हॉटेलात बोलावलं. शाल, गुच्छ, समई. युनिटवरचा मखमली पडदा दादाच्याच हस्ते दूर झाला. टायवाला विक्रेता म्हणाला, "सर, हे नुसतं युनिट नाही, अनुभव आहे."

"अनुभव मला आहे," दादा म्हणाला. "थंड करतं का?"

करत होतं, आणि किती करतंय ते मोबाइलवर दाखवतही होतं. दुसऱ्या एका कंपनीचं युनिट साधं, घरघरणारं, स्वस्त. शहरातला कुठलाही मेकॅनिक ते उघडू शके. दोन्हींना स्वतःचं डिझेल इंजिन होतं, म्हणजे ट्रक थांबला तरी गारवा चालू. दोघांनीही चाचणीसाठी आपापलं युनिट बसवलेला ट्रेलर दिला. कसोटी दादाची: चक्का भरून नांदेडला जाऊन यायचं आणि वहिनीने चाखायचा.

साध्या युनिटच्या फेरीला दादा आणि ड्रायव्हर गेले. वहिनीने बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. चक्का आंबला होता. दुसऱ्या फेरीला टायवाला सोबत होता. चक्का जसा गेला तसा परत आला. ते युनिट दादाच्या खिशाला झेपणारं नव्हतं. त्याचे पुण्याला फोन सुरू झाले. चहाला पूर्वीची चव राहिली नाही.

एका संध्याकाळी वहिनीने सहज विचारलं, "पहिल्या वेळी जेवायला कुठे थांबलात?"

"कामारेड्डीच्या पुढे. जरा पडलोही तिथे."

"आणि ते यंत्र?"

"बंद केलं. आपण जेवत असताना ते फुकट कशाला चालवायचं?"

आमचे वडील सरकारी नोकर. खोलीबाहेर पडताना पंखा चालू ठेवणं हे आमच्या घरी खोटं बोलण्याच्या खालोखालचं पाप होतं. दादाने एकदा लग्नाच्या हॉलमधून निघताना वऱ्हाड बसलेलं असताना पंखे बंद केले होते.

"आणि दुसऱ्या वेळी?"

"तो टायवाला हात लावू देईना."

"अहो, तुम्ही जेवलात आणि चक्का उकडला!"

पुन्हा फेरी ठरली. ड्रायव्हरने आधीच बजावलं, "इस बार हाथ नक्को लगाओ साब." चक्का उत्तम आला आणि साधं युनिट घेतलं गेलं. वहिनीने त्याच्याखाली ऑइलपेंटने मराठीत लिहिलं: अहो, चालू असू द्या. ड्रायव्हरला मराठी वाचता येत नव्हतं. ज्याच्यासाठी लिहिलं होतं, त्याला येत होतं. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

दादा आता नाही. पुण्याला शेवटी वहिनीच गेली. परवा कुकटपल्लीत तो ट्रेलर रस्त्याकडेला दिसला. मालक नवे, अक्षरं फिकट. ड्रायव्हर सावलीत डबा खात होता आणि युनिट घरघरत होतं. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.