कोपऱ्यातल्या तीन फुल्या

उल्हासनगरचा माल म्हटलं की लोक हसतात. माझं सासर बदलापूरचं. तिथं कुणाच्या पिशवीची चेन अडकली किंवा चपलेचा अंगठा तुटला, की कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणतंच, "उल्हासनगरची दिसतेय." पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. आता सोडत नाही. आता मी सरळ सांगते, भाऊच्या धक्क्यावर जा, त्या जुन्या टग बोटीवर बसा आणि मग बोला.

माझी आई अंबरनाथ पश्चिमेला राहते आणि उल्हासनगरात एका गाळ्यात सीट कव्हरं नि गाद्या शिवून देते. दोन मशिनी, मदतीला दोन बायका आणि नियम एकच: सॅम्पल जसं येईल तसाच माल द्यायचा. सॅम्पल आणि आमचा पीस शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाला फरक सापडता कामा नये. "चलेगा" हा शब्द तिच्या गाळ्यात कुणी काढत नाही. एकदा मीच काढला होता, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.

मी माहेरी राहायला आले होते तेव्हा तिच्याकडे हे टगचं काम आणलं ते फर्निचर बाजारातल्या एका सिंधी शेठनं. मोठ्या जहाजांना ओढत धक्क्याला आणून लावणारी ही बोट भंगारात जाता जाता वाचली होती. कुणीतरी हौसेनं तिची दुरुस्ती केली होती आणि आता तिच्यावर बसवून लोकांना बंदर फिरवून आणणार होते. बाकांवरच्या गाद्या पूर्वीसारख्याच हव्या होत्या. नमुना म्हणून एक मूळ गादी आली. जाड हिरवं कॅनव्हास, कडेनं पायपिंग आणि एका कोपऱ्यावर जाड दोऱ्यानं घातलेल्या तीन मोठ्या फुल्या. आई त्या फुल्यांवर भलतीच खूश झाली. "जुन्या लोकांचं फिनिशिंग बघ," म्हणाली. मशिनवर ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून प्रत्येक गादीवर तिनं स्वतः हातानं फुल्या घातल्या. बोटं सोलवटून निघाली, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

शेवटची गादी मशिनवर असताना शेठचा माणूस नमुना परत न्यायला आला. बाकीचा माल टेम्पोतून आदल्या दिवशीच गेला होता. फुल्यांवर बोट ठेवून तो हसला. "ताई, ये डिझाइन थोडी है. फटा था, किसीने टाके मार दिये."

आईनं नमुन्याचं कापड उलटं करून पाहिलं. खरंच फाटलेलं होतं. तिनं ती शेवटची गादी फुल्यांशिवाय पुरी केली आणि लगेच शेठना फोन लावला की सगळा माल परत पाठवा, उसवून देते. शेठ म्हणाले, "अरे ताई, चलेगा. कौन देखता है?"

झालं. ते तिच्या जिव्हारी लागलं. जेवताना फुल्या, टीव्हीसमोर फुल्या. "लोक बसतील आणि म्हणतील, कुठल्या येडीनं शिवलंय हे." मी समजावून थकले. बोटीच्या फेऱ्या सुरू झाल्याचं कळलं तसं तिनं फर्मान काढलं, रविवारची तिकिटं काढ. निघताना तिच्या पर्समध्ये ब्लेड, सुई आणि जाड दोरा होता. फेरी चालू असताना जमतील तेवढ्या फुल्या गुपचूप उसवायच्या, असा बेत.

"कुणी पकडलं तर?" मी विचारलं.

"पकडू दे. माझा माल आहे."

टग मला बघताक्षणी आवडली. बुटकी, रुंद, दांडगी बोट. पितळेचा भोंगा लख्ख घासलेला, लाकडाला ताजं पॉलिश. आईनं यातलं काही पाहिलं नाही. ती थेट बाकाशी गेली आणि शिवणी दाबून बघू लागली. खाऱ्या वाऱ्यात पायपिंग कुठंही सुटलं नव्हतं. चारचौघं निवांत रेलून बसली होती, लहान मुलं गाद्यांवर उड्या मारत होती आणि एक टाका हलत नव्हता. मला इतका अभिमान वाटला की सगळ्यांना ओरडून सांगावं, ही माझ्या आईची शिलाई आहे.

भोंगा झाला, बोट धक्क्यापासून सुटली. एक म्हातारे खलाशी माईकवरून माहिती देत होते. क्रेन दाखवल्या, नांगरलेली जहाजं दाखवली, एवढीशी टग एवढं मोठं धूड कसं वळवते ते सांगितलं. लोक तिकडे बघत होते. आईचा हात पर्समध्ये गेला. तेवढ्यात ते खलाशी नेमके आमच्याच बाकाशी येऊन थांबले.

"आता ही गादी बघा," ते म्हणाले. "मी ह्याच बोटीवर व्हतो. काम नसला का हितंच आडवा व्हायचो. एकदा गादी फाटली, तर मी जाळ्याच्या सुईनं ह्या अशा तीन फुल्या मारल्या. आमचा म्होरक्या, तांडेल, बोलला, गादी शिवलीस का गोणी? सगळे हसले. आता बोट नवी केली, मला बोलावलान, येऊन बघतो तर सगळ्या गाद्यांवर माझ्याच फुल्या." त्यांनी माईक खाली घेतला. "कोणी शिवल्या म्हाईत नाय. पण खलाशाचा येवढा कोण ध्यानात ठेवतो?"

आईचा हात पर्समध्येच राहिला. तिला खोटं बोलता येत नाही.

"मी शिवल्यात," ती म्हणाली. "उल्हासनगरला."

ते तिच्याकडे वळले. "मग मुद्दाम ठेवल्यास ना गं बाय, फुल्या?"

आईनं रिकामा हात पर्समधून बाहेर काढला. "सॅम्पलमध्ये जे असतं ते आम्ही सोडत नाही, दादा."

त्यांनी डोळे पुसले आणि सुकाणूच्या खोलीलगतच्या बाकाकडे बोट दाखवलं. "मग ती येक कशी ऱ्हायली? मी रोज बघतो."

आई उठली आणि त्या बाकावर जाऊन बसली. पर्समधून सुई-दोरा काढला, उसवायला आणलेल्या ब्लेडनं दोरा कापला. खलाशांनी गादीचा कोपरा ताणून धरला. लोक जहाजं बघायची सोडून भोवती जमले. बोट डुलत होती, त्यामुळे मधली फुली चांगलीच वाकडी आली. आता ही उसवणार आणि परत घालणार, म्हणून मी वाट बघत उभी राहिले.

आईनं गाठ मारली, दोरा तोडला आणि गादीवर थाप मारली.

"चलेगा," ती म्हणाली.