शेणखड्ड्यातली अत्तराची कुपी

ती घटना आठवली की आजही मला राग येतो. गुन्हेगाराचा थोडा आणि माझा स्वतःचा जास्त.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी सिरोंच्याकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीतल्या एका छोट्या दर्ग्यात काशाची अत्तराची कुपी होती. मुठीत मावेल एवढी, गोल पोटाची, बारीक मानेची, अंगावर वेल आणि अरबी अक्षरे. नागपूरहून आलेल्या एका प्राध्यापकांनी ती पाहून सांगितले, की ही इराणकडची असावी, इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या काळातली, हजार वर्षांहून जुनी. तोवर तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नव्हते. पुढच्या उरुसाच्या तोंडावर मुजावरांनी तिची पेटी उघडली, तर कुपी नाही.

मुजावर म्हातारे होते, दर्ग्याची देखभाल तेच करीत. फिर्याद द्यायला त्यांचा धाकटा भाऊ आला आणि दुसऱ्याच दिवशी खबरही तोच घेऊन आला. "साहेब, पक्की खबर हाय. तो ओतारी हाय ना, त्यानं शेणखड्ड्यात पुरून ठेवली हाय."

पंच घेऊन गेलो. ओताऱ्याच्या झोपडीमागे हातभर खणले आणि कुपी निघाली, हिरवीगार, जुनाट. पंचनामा झाला. भावाने पाहताच "हीच" म्हणून सांगितले. मुजावरांनी मात्र ती नाकाशी धरली आणि परत दिली. शेणातून निघालेल्या वस्तूला वास तो कसला येणार, असे म्हणून मी ते सोडून दिले.

ओतारी म्हणजे मेणाचा साचा करून पितळ-काशाच्या मूर्ती ओतणारा कारागीर. त्याची तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"हे मी ओतली साहेब. मुजावराच्या भावानं खरी कुपी दोन दिवस माह्याजवळ देल्ती, अशीच दुसरी बनव म्हणे. मीठ, नवसागर लावून शेणात हिरवी करून राह्यलो होतो."

"फिर्यादीच चोर? मला शिकवतोस?"

"मी खोटं काऊन बोलू साहेब?"

दुसऱ्या दिवशी माझा तोल सुटला. मी त्याला हात पुढे करायला लावला आणि काठी मारली. तिसरा फटका उजव्या अंगठ्यावर बसला. बाहेर पिंपळाखाली त्याची बायको बसून होती, तिला तो आवाज ऐकू गेला असणार. तरी त्याने कबुली दिली नाही. उद्या कोर्टात काय सांगायचे, या विचाराने माझे डोके फिरले होते.

त्यातच ठाण्याची वार्षिक तपासणी आली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचे जमादार पांढरेफटक होऊन समोर उभे राहिले. हातात कुपी, पण सोन्यासारखी लखलखीत!

"साहेब, चूक झाली. तपासणी हाय म्हणून पट्टे, बिल्ले घासून राह्यलो होतो, हे बी चिंचेनं घासलो. एकाच हातात सारं हिरवं निघून गेलं. माही नोकरी जाते आता."

मुद्देमालाला सील लावायचे मीच राहू दिले होते, त्यामुळे माझीही गेली असती. मी ओरडायला तोंड उघडले आणि थांबलो. नदीपात्रात सापडलेली जुनी नाणी मी हाताळली होती. त्यांच्यावरचा हिरवा थर नखाने खरवडला तरी हलत नाही. हा चिंचेच्या एका हाताने गेला?

मी कुपी घेऊन कोठडीशी गेलो. सुजलेला हात छातीशी धरून ओतारी म्हणाला, "आत तार घालून पाहा साहेब. साच्याची माती राह्यली असन."

तार फिरवली. टेबलावर भाजलेल्या मातीचे कण पडले आणि त्यात, ओतारी साच्याच्या मातीत मिसळतात तो, धानाचा जळका कोंडा होता. ज्या कुपीत पिढ्यान्‌पिढ्या अत्तर भरले, तिच्या पोटात हे कसे असेल?

भावाला बोलावून मी एकच प्रश्न लावून धरला, "खबर कोणी दिली?" त्याने आधी एक नाव घेतले, मग दुसरे. दोन्ही माणसे मी तिथेच बोलावून घेतो म्हटल्यावर तो खाली बसला. नक्कल तयार होताच पेटीत ठेवायची, असा त्याचा बेत होता. पण पेटी आधीच उघडली गेली. मग त्याने ओताऱ्यालाच चोर ठरवले, म्हणजे नक्कल आमच्याच हातून दर्ग्यात परत गेली असती. खरी कुपी चंद्रपूरच्या एका लॉजवर होती आणि ती विकत घेणारे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी निघणार होते. दिवसभर जीप हाणली. आम्ही पोचलो तेव्हा त्याची बॅग बांधून झाली होती. कुपी मुजावरांच्या हातात दिली, त्यांनी नाकाशी धरली आणि म्हातारा रडू लागला.

वरिष्ठांनी शाबासकी दिली, पण मला ती गिळवेना. महिन्याभराने ओताऱ्याकडे गेलो. त्याची बायको मेणाचा बारीक धागा साच्यावर गुंडाळत होती आणि तो नुसता बसून सांगत होता.

"अंगठा वळत नाई साहेब," तो म्हणाला. "धागा आता हेच ओढते."

"भाऊ, माझं चुकलं," मी म्हणालो.

त्याने डाव्या हाताने साचा बायकोकडे फिरवून दिला. मग म्हणाला, "तुमी मले काई इचारलंच नोयतं साहेब. निस्तं कबूल कर म्हणत होते."

नेमकी जागा सांगणारी खबर आली की आधी खबर देणाऱ्याला तपासावे, हे मी त्या प्रकरणात शिकलो आणि पुढे नव्या पोरांना शिकवले. त्यानंतर काठी घेऊन कोठडीत कधी गेलो नाही. पण माझे हे शिक्षण त्याच्या अंगठ्यावर झाले आणि त्याची भरपाई मला करता आली नाही.