दुसरा हप्ता येईपर्यंत

विद्यापीठात मला नियमांची बाई म्हणतात. एखादा नवा प्राध्यापक संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव घेऊन आला, की त्याला आधी माझ्याकडे धाडतात. निधी कोणत्या योजनेतून मिळेल, कोणतं परिशिष्ट जोडायचं, नीतिमत्ता समितीची परवानगी कधी लागते, हे मी त्याला सांगते आणि वर चार शब्द सुनावते. माझी जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. कार्यशाळेत मागच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेल्यांना मी उठवून प्रश्न विचारते. निधी मिळवणं सोपं असतं, तो हिशेबात बसवणं अवघड, हे त्यांना कळावं म्हणून.

आणि अशी मी, माझ्याच प्रकल्पात एका स्टॅबिलायझरपायी अडकले.

आमचा विभाग जीवरसायनशास्त्राचा. जिल्ह्यातल्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलींच्या शरीरात लोहाचा साठा किती असतो, हे आम्हाला पाहायचं होतं. केंद्राकडून निधी मंजूर झाला तो दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यात डीप फ्रीझर आणि रक्त गोळा करण्याचा खर्च, दुसऱ्यात तपासणीची किट. किटना मुदत असते, आधी आणून ठेवता येत नाहीत. म्हणून रक्ताचे नमुने आधी गोळा करून उणे ऐंशी अंशांवर गोठवायचे आणि किट आली की सगळे एकदम तपासायचे, असं ठरलं होतं. आम्ही कॉलेजाकॉलेजांतून हिंडलो. प्रत्येक मुलीला माहितीपत्रक मी स्वतः वाचून दाखवलं, प्रत्येकीची सही घेतली. मुली सही करायच्या, सुईकडे बघून तोंड फिरवायच्या आणि मग एकमेकींना हसायच्या.

फ्रीझर आला तेव्हा दुकानदाराने त्याच्या सोबतचा स्टॅबिलायझर वेगळ्या बिलावर दिला. आमच्या इमारतीत वीज कधी फुगते, कधी बसते. स्टॅबिलायझर नसता तर फ्रीझरने केव्हाच मान टाकली असती. मी ते बिल किरकोळ साहित्यात घातलं. लेखापरीक्षकाने त्यावर लाल पेनाने लिहिलं, की स्टॅबिलायझर हे उपकरण आहे, उपकरणाला पूर्वमंजुरी लागते, ती जोडलेली नाही. आक्षेप दूर होईपर्यंत खर्चाचं प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय दुसरा हप्ता नाही. कँटीनमध्ये एक सहकारी म्हणाला, "बाई, आता तुम्हाला कुणाकडे पाठवायचं?" सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं.

त्याच सुमारास एक बाई आली. गडमुडशिंगीची, चाळिशीतली, हातात कापडी पिशवी. माझ्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या पोरीचं रगात हाय म्हणं तुमच्याकडं. तेवढं परत पायजे हुतं."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी स्कूटीवरून कॉलेजला निघाली, हमरस्त्याच्या वळणावर पडली आणि उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. नदीत नको म्हणून रक्षा त्यांनी शेतात खड्डा काढून घातली आणि त्यावर चिकूचं रोप लावलं. आमच्या भागात आता पुष्कळ जण असं करतात. त्यानंतर मुलीच्या मैत्रिणीने बोलता बोलता सांगितलं, की आमचं सगळ्यांचं रक्त विद्यापीठात ठेवलंय.

"समदी एका जागी आसू दे म्हणलं," ती म्हणाली. "थोडी शेतात, थोडी हितं, आसं नगं."

मुलगी गेल्याचं मला तोवर कळलेलंही नव्हतं. नमुन्यांवर नावं नसतात, नुसते सांकेतिक क्रमांक असतात. कुणाचं रक्त कुठलं, हे कुणाला कळू नये म्हणून आम्हीच तसं करतो. मी तिला सांगितलं, की हे माझ्या हातात नाही, नीतिमत्ता समितीला विचारावं लागेल.

समितीत डॉक्टर, वकील आणि, नियमच आहे म्हणून, एक सामान्य नागरिक असतो. आमच्याकडे ते एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते म्हणाले, "आईचंच आहे ते, द्यायला काय हरकत?" डॉक्टरांनी हरकत सांगितली. माणसाचं रक्त प्रयोगशाळेतून कुणाच्या पिशवीतून बाहेर जाऊ शकत नाही, त्यातून रोग पसरू शकतो. आई मुलीच्या वतीने नमुना मागे घेऊ शकते. तसं केलं तर तो जैविक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे जाईल, तिथल्या भट्टीत नष्ट होईल आणि आईला तसं पत्र मिळेल. मी डॉक्टरांच्या बाजूने बोलले. नियम बरोबरच होता, आजही तो मला बरोबर वाटतो.

ती परत आली तेव्हा मी तिला हे समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे जाळणार व्हय?"

"हो."

"एकदा जाळली की, मॅडम. परत कशाला जाळताय?"

  मग ती म्हणाली, "बगू तरी द्या." नमुना दाखवायला कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. मी तिला हातमोजे दिले आणि फ्रीझरच्या खोलीत नेलं. दार उघडल्यावर पांढरी वाफ बाहेर आली, तशी ती एक पाऊल मागे सरली. मी कुलुपात ठेवलेली नावांची यादी काढून क्रमांक शोधला आणि ती बोटाच्या पेराएवढी नळी चिमट्याने धरून तिच्यासमोर केली. आत तळाशी पिवळसर गोठलेलं काहीतरी होतं.

"हे रगात न्हवं."

रक्त स्थिर ठेवलं की लाल भाग खाली बसतो, वरचं पाणी राहतं, ते आम्ही ठेवतो, असं मी सांगितलं. अंगात लोहाचा साठा होता की नव्हता, ते या पाण्यात कळतं.

"कळतंय? हिचं बी?"

"किट आली की कळेल. प्रत्येकीचं."

नळी मी परत ठेवली आणि दार लावलं. ती तिथेच भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि बोलायला लागली. रक्षाविसर्जनाला सगळे पाहुणे जमले होते. त्यांच्यासमोर तिची जाऊ म्हणाली, की पोरगी गाडीवरून उगाच पडली नाही, तिला चक्कर आली. अंगात रक्त होतं कुठं तिच्या? आईने सगळं दूध डेअरीला घातलं, लेकीच्या तोंडाला थेंब लावला नाही.

"दूध डेअरीला घालतोय, ते खरं हाय," ती म्हणाली. "पर पोरीचा तांब्या बाजूला काढल्याबिगर क्यान भरला न्हाय मी कवा."

दुधात लोह जवळजवळ नसतंच. ज्या घरांत मुलींना दूधच तेवढं मिळतं, तिथे साठा हमखास कमी निघतो, हे मला माहीत होतं. मी तिला ते सांगितलं नाही. मला त्या जावेचा राग आला होता आणि त्याहून जास्त, आकडा काय येईल याची भीती वाटत होती.

"ऱ्हाऊ दे मग हितंच," ती म्हणाली. "तपासा. पर मला सांगितल्याबिगर तपासू नगा."

असं ते रक्त आमच्याकडे राहिलं. त्यानंतर आमच्याकडे वीज गेली की तिच्याकडेही जायची बहुधा, कारण तिचा फोन यायचा. "लाईट हाय न्हवं?" एवढंच विचारायची. पावसाळ्यात नदी चढली, वाटा बंद झाल्या, तेव्हा तर ती रोज विचारायची. जनरेटर आहे, डिझेल भरून ठेवलंय, असं मी सांगायचे. विभागात एवढ्या जबाबदारीने माझी चौकशी कुणी केलेली मला आठवत नाही.

प्रकल्पाची मुदत मात्र संपत आली होती. मुदतीच्या आत हप्ता आला नाही, तर तपासणी होणार नव्हती आणि न तपासलेले सगळे नमुने नष्ट करावे लागणार होते. मी वित्त विभागाच्या पायऱ्या झिजवल्या. स्टॅबिलायझरचे पैसे मी माझ्या खिशातून भरते, तो प्रकल्पातूनच काढून टाका, असं म्हणून पाहिलं. ते पैसे स्वीकारायला हिशेबात तसं सदरच, म्हणजे खातंच, नाही, असं उत्तर आलं. तेव्हा माझा तोल गेला. त्या टेबलासमोर उभी राहून मी मोठ्याने म्हणाले, की तुमच्या या सदरात एका आईचा जीव अडकलाय. सगळी कचेरी माना वर करून बघायला लागली. मग मी खाली बसले आणि त्या अधिकाऱ्याला सगळी हकिकत सांगितली. त्याने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "हे आधी सांगायचं की, मॅडम. कार्योत्तर मंजुरी घेऊया." म्हणजे जे करून बसलो, त्याला मागाहून परवानगी. टिपणी त्यानेच लिहिली. कुलगुरूंची सही झाली, आक्षेप दूर झाला आणि मुदत संपता संपता दुसरा हप्ता आला.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी तिला फोन केला. नुसतं कळवायचं म्हणून केला होता, पण सकाळी मी आले तर ती प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसलेली. दवाखान्यात ऑपरेशन चाललं असताना घरचे बाहेर बसतात, तशी, पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "वेळ लागेल, दुपार होईल." ती म्हणाली, "हुंदे की."

त्या दिवशी मी कुणाला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः केलं. नमुने वितळले, किटमधल्या खाचांत गेले, रंग आला, यंत्राने आकडे दिले. बहुतेक मुलींचे आकडे भीती होती तसेच आले, वाईट. तिच्या मुलीचा क्रमांक मी मुद्दाम शेवटी पाहिला. साठा भरपूर होता. मला खरं वाटेना, म्हणून नळीत उरलेलं सगळं वापरून मी तीच तपासणी पुन्हा केली. आकडा तोच आला. नळी आता रिकामी झाली होती.

निष्कर्ष फक्त सहभागी व्यक्तीलाच सांगायचा, असा नियम आहे. तो मीच नवीन लोकांना शिकवते. सहभागी व्यक्ती चिकूच्या झाडाखाली होती. मी समितीला विचारलं नाही. हातमोजे काढून बाहेर गेले. मला बघून ती उठून उभी राहिली.

"चांगलं होतं," मी म्हणाले. "तिचं रक्त खूप चांगलं होतं."

"चक्कर?"

"कशाने पडली ते मला सांगता येणार नाही. पण तिच्या अंगात काही कमी नव्हतं. तिला काय खायला घालत होता तुम्ही?"

"दूध. आन् रोज सांजच्याला नाचणीची भाकरी, पाल्याची भाजी, शेंगा-गूळ. खायाची न्हाय ती. भांडून घालायचो मी." मग तिने विचारलं, "म्हंजे अंगाला लागलं म्हणायचं?"

"लागलं होतं."

ती पुन्हा बाकावर बसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मी शेजारी बसले, मलाही आवरेना. ती जरा शांत झाल्यावर मी म्हटलं, की चला, तुमच्या जाऊबाईंना फोन लावा, मी सांगते त्यांना, काय ऐकवायचं ते ऐकवते.

तिने नकारार्थी मान हलवली.

"जावंचं सोडा, मॅडम," ती म्हणाली. "मला बी तसंच वाटाय लागलं हुतं."