गुंडप्पाच्या बंदुकीचं तोंड

मुडबीच्या अलीकडं डांबरी सोडून आत वळलं की एक लहानशी वाडी लागते. तिथं गुंडप्पाचं घर विचारा, लोक आधी उलट विचारतात, "कोण, बंदूकवाला का?" तूर त्याची चांगली पिकते, दोन म्हशी दुभत्या आहेत, मुलगा कलबुर्गीत औषधांच्या दुकानात कामाला आहे; पण यातल्या कशानंही त्याला नाव मिळालं नाही. नाव मिळालं ते वडिलोपार्जित ठासणीच्या बंदुकीनं.

ठासणीची म्हणजे तोंडातूनच भरायची. नळीत आधी दारू ओतायची, वरून चिंध्यांचा बोळा सारायचा आणि लोखंडी गजानं तो घट्ट ठासायचा. गोळी नाही, छर्रा नाही, नुसता आवाज. गावच्या मठाची जत्रा भरली की पालखी दारातून निघायच्या आधी या बंदुकीचा बार झाला पाहिजे, मगच भोई पाऊल उचलणार. आजोबांपासून हा मान गुंडप्पाच्या घरात आहे आणि तो याच बंदुकीचा आहे, हे सगळं गाव मानतं.

मान मोठा, आणि गुंडप्पाला तो अंगावर घेऊन हिंडायची भारी हौस. पारावर चार माणसं दिसली की त्याची बंदूक सुरू, हातात बंदूक असो वा नसो. "चाप काय, कुणीबी ओढंल वो," तो मिशीवरून बोट फिरवत सांगायचा. "खरा हात ठासताना लागतो. माझा गज कसा जातोय, हिरीत दोर सोडल्यावानी सरळ!" ऐकणारे मान डोलवायचे. रत्नम्मा, म्हणजे त्याची बायको, जवळून जात असली तर डोक्यावरचा पदर सारखा करून गप निघून जायची.

यंदा जत्रेच्या आधी निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तशा झाल्या. निकाल लागला, गुलाल धुऊन निघाला आणि जत्रेच्या आदल्या दिवशी गुंडप्पा रत्नम्माला घेऊन बंदूक आणायला गेला. रत्नम्माला बाजारातून कापूर आणि उदबत्त्या घ्यायच्या होत्या. ती ठाण्याबाहेरच्या लिंबाखाली पिशवी घेऊन बसली.

आत मात्र गोंधळ झाला होता. बंदुकांना बांधलेल्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, नुसते दोरे लोंबत होते. बाकीच्यांनी आपापल्या बंदुका ओळखून नेल्या. राहिल्या दोन ठासणीच्या, एकाच जुन्या कारागिराच्या हातच्या, सख्ख्या बहिणींसारख्या. एक गुंडप्पाची, दुसरी शेजारच्या गावच्या आप्पारावची. आप्पाराव एकटा माणूस, रानडुकरं हाकलायला शेतात बार काढायचा. तो बिचारा बाकावर बसून कोणती आपली हे ठरवायचा प्रयत्न सोडून चहा पीत होता.

"नळीवरचा नंबर बघा की," फौजदार म्हणाले.

नंबर असता तर बघितला असता. दर जत्रेला बंदूक चकचकीत दिसावी म्हणून गुंडप्पा विटेची भुकटी आणि चिंच लावून नळी घासायचा, आणि घासत घासत त्यानं सरकारी नंबरच पुसून टाकला होता. आप्पारावनं त्याचंच बघून तसंच केलं होतं.

"नंबर कशाला पायजे?" गुंडप्पा म्हणाला. "आमची करंगळीची बंदूक हाय. आमच्या वडलानं सांगितलेलं, दुसऱ्या पेरापतोर करंगळी जाती."

या भागात ठासणीच्या बंदुकीचं माप असंच सांगतात, करंगळीची, अंगठ्याची. गुंडप्पानं मोठ्या ऐटीत पहिल्या नळीत करंगळी सारली. गेली दुसऱ्या पेरापर्यंत, पण परत येईना. वडिलांनी माप सांगितलं तेव्हा गुंडप्पा काडीसारखा होता आणि आता त्याच्या बोटांवरही म्हशींच्या दुधाची कृपा झाली होती. त्यानं ओढलं, हवालदारानं ओढलं, आप्पाराव चहा खाली ठेवून ओढायला आला. शेवटी कुणीतरी डोक्याला लावायचं खोबरेल आणलं तेव्हा बोट लालबुंद होऊन बाहेर आलं. दुसऱ्या नळीत बोट घालायचा आग्रह मग कुणी केला नाही. आप्पारावच्या बारीक करंगळीनं दोन्हीत डोकावून पाहिलं, तर दोन्ही सारख्याच.

फौजदारांनी समोरच्या दुकानातून पंचशीलाला बोलावलं. ही बाई बोअरवेलच्या मोटारी दुरुस्त करते. तिच्याकडं मापाची सगळी अवजारं. तिनं व्हर्निअर आणला, त्याचे आतून माप घ्यायचे टोकदार जबडे नळीच्या तोंडात उघडले, आकडा वाचला. मग नळी पाव फेरा फिरवून पुन्हा वाचला. पहिल्या बंदुकीचा आकडा दोन्ही वेळा तोच आला. दुसरीचा मात्र आडवा तेवढाच आणि उभा थोडा जास्त.

"आत खोल दोन्हींचं माप एकच असणार काका," ती म्हणाली. "पण ही दुसरी तोंडाला लंबगोल झालीय. वर नेम धरायची माशी हाय न्हवं, तिच्या बरोब्बर समोर, खालच्या अंगाला झिजलीय. हिला भरणारा माणूस गज तिरका ओढत असंल, वर्षानुवर्षं. पैलीवाल्याचा हात सरळ हाय."

"झालं की मग!" फौजदार खूश झाले. "गज सरळ कुणाचा जातो?"

आप्पाराव म्हणाला, "मी कदी ध्यान दिलं न्हाई साहेब."

सगळे गुंडप्पाकडं बघायला लागले. गुंडप्पाला एका क्षणात कळलं होतं की लंबगोल तोंडाची ती दुसरी बंदूक त्याची आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला गुंडप्पा आरशासमोर फेटा बांधत बसला होता. फेटा काही मनासारखा बसेना आणि मठातून निरोपावर निरोप येत होते. तेव्हा मागच्या अंगणात रत्नम्मानंच बंदूक भरून त्याच्या हातात दिली. बार असा झाला की आकाश फाटलं. पुढच्या वर्षी पुन्हा फेट्याला वेळ लागला, त्याच्या पुढच्या वर्षीही लागला, आणि मग ते काम तिचंच होऊन गेलं. रत्नम्मा ठेंगणी. उभ्या नळीच्या वरून गज ओढायला तिचा हात पुरायचा नाही, म्हणून ती बंदूक स्वतःकडं कलती करायची, माशी पलीकडच्या बाजूला ठेवून, आणि गज आपल्याकडं ओढत ठासायची. ते सगळं परसात, भिंतीआड. बाहेर यायचा तो फेटा बांधलेला गुंडप्पा आणि त्याचा सरळ हात. इतकी वर्षं सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

खरं सांगावं तर उद्या जत्रेत तोंड कुठं लपवायचं? न सांगावं तर घरची बंदूक आप्पारावच्या डुकरांमागं जाणार.

"माझाच गज सरळ जातोय," तो म्हणाला. "समद्या गावाला ठाव हाय."

फौजदारांनी पहिली बंदूक त्याच्या हातात दिली. आप्पारावनं कुरकुर न करता दुसरी काखेत मारली. पंचशीला व्हर्निअर पुसत होती.

गुंडप्पा लिंबाखाली आला. रत्नम्मानं उठून नेहमीसारखी बंदूक हातात घेतली, तळवा नळीच्या तोंडावर ठेवला आणि अंगठा कडेवरून फिरवला. कडा सगळीकडून सारखीच लागली.

"ही आपली न्हाई वो."

"व्हय," गुंडप्पा पुटपुटला. "ठाव हाय मला."

"ठाव हाय? मग कामून आणलाव?"

गुंडप्पानं ठाण्यात काय झालं ते सांगितलं, जमेल तेवढं बारीक आवाजात. रत्नम्मा चिडेल, ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली नाही. तिनं बंदूक लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि हात पुसले, जणू दुसऱ्या कुणाचं भांडं हातात आलं होतं.

"मी भरते ते कुणाला ठाव न्हाई, तर नसू द्या. मला कदी वाईट वाटलं न्हाई," ती म्हणाली. "पर माझ्या हातानं झिजलेली बंदूक तुमी दुसऱ्याला देऊन आलाव. ते लई वाईट वाटायलंय बगा."

बायकोच्या हाताचं इतक्या वर्षांचं काम त्या लोखंडावर उमटलं होतं, परक्या बाईनं आत्ताच ते मापून दाखवलं होतं, आणि ते ओळखून त्यानं ते नाकारलं होतं. गुंडप्पाला स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यानं बुंध्याजवळची बंदूक उचलली आणि तरातरा आत गेला. आप्पाराव अजून सही करत होता.

"साहेब, चुकी झाली. ती वाकड्या घासणीची माझी."

"आत्ता तर तुमचा गज सरळ जात होता!"

"माझा गज जातच न्हाई, साहेब. बायको भरती. पैल्यापासून तीच भरती. मी नुसता फेटा बांधून चाप ओढतो."

हवालदार हसला, फौजदार हसले, आप्पाराव तर खोकला लागेपर्यंत हसला आणि लगेच बंदूक पुढं करत म्हणाला, "घे बाबा, वैनीची हाय ती." पंचशीला मात्र बाहेर गेली आणि लिंबाखाली रत्नम्मापाशी जाऊन बसली. ठासताना बंदूक नेमकी किती कलती करता, हे तिला बघायचं होतं.

बातमी गुंडप्पाच्या आधी वाडीत पोचली. दुसऱ्या दिवशी जत्रेत जो तो त्याला बघून गज ओढल्याचा हात करून दाखवायला लागला. गुंडप्पानं सगळं सोसलं. फेटा त्यानं सकाळीच बांधून टाकला होता. पालखी सजली, भोई खांदे चोळत उभे राहिले, तेव्हा त्यानं बंदूक, दारू आणि चिंध्या मठाच्या दारात, सगळ्या लोकांसमोर आणून ठेवल्या आणि रत्नम्माला हाक मारली. मागच्या बायका पुढं आल्या. रत्नम्मा आधी लाजली, मग पदर खोचून कामाला लागली. तिनं गज हातात घेतला तशी गुंडप्पानं मदत म्हणून नळी धरून सरळ उभी केली.

"सोडा वो," रत्नम्मा म्हणाली आणि त्याचा हात बाजूला करून तिनं बंदूक आपल्याकडं कलती करून घेतली.