बाबा, मी आणि कॅलिफोर्नियातली मक्का

या सहलीचं ठिकाण बाबांच्या बोटाने ठरवलं. नोव्हेंबर २००६, लांब वीकेंड तोंडावर आलेला, आणि सांता क्लारातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये बाबा रस्त्यांचा अ‍ॅटलस मांडीवर घेऊन बसले होते. पार खाली, वाळवंटात, टिकलीएवढ्या एका गावावर त्यांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. गावाचं नाव मक्का.

"एवढं ड्राइव्ह करून मका बघायला चाललात?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, तो येणार नव्हताच.

बाबा नागपूरच्या शाळेत इतिहास शिकवायचे. अरबांच्या साम्राज्याचा धडा त्यांचा लाडका. वाळवंटातून निघालेल्या फौजा फळ्यावर खडूने अशा काही दौडायच्या की मागच्या बाकावरची पोरंही जागी राहायची. आदल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, समजतंही सगळं, पण नावं गेली. कितीतरी वस्तूंची, गावांची, माणसांची. माझंही. अर्धवट उत्तर देणाऱ्याला ते वर्गात खाली बसवायचे; आता शब्द अडला की स्वतःलाच बसवत होते. हळूहळू बोलणंच थांबलं. डिसेंबरात ते नागपूरला परत जाणार होते. त्याआधी एकदा त्यांच्या तोंडून 'वैदेही' ऐकायचं, हा माझा या सहलीतला स्वार्थ.

सकाळी लवकर निघालो. पाचेको पास ओलांडून 'फाइव्ह' हायवेला लागलात की रस्ता सरळसोट. बदामाच्या बागा, मग गुरांचा प्रचंड गोठा. काचा आधीच वर करून घ्या. पुढचा घाट चढण्याआधी पेट्रोल भरा. आमच्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं होतं, त्यामुळे बर्गरवाल्यांकडे जायची वेळ आली नाही. लॉस एंजेलिसची गर्दी मागे पडली आणि उतरत्या उन्हात, डोंगरांच्या खिंडीत पवनचक्क्या सुरू झाल्या. पांढऱ्या, उंच, संपतच नाहीत अशा. गाडी मीच चालवत होते, तरी कुणीतरी आम्हाला अलगद वाहून नेतंय असं वाटत होतं. बाबा काचेला कपाळ टेकून बघत होते.

"बाबा, ह्याला काय म्हणतात?" मी विचारलं.

त्यांनी ओठ मिटले. परीक्षा घेतल्यासारखं झालं ते, आणि मला माझीच चीड आली. रात्री इंडिओ गावातल्या मोटेलवर मुक्काम केला. मोटेल साधंच, साठ डॉलर, पण सुट्टीत जाणार असाल तर आधी बुक करा.

तिथून मक्का अर्ध्या तासावर. शंभरेक वर्षांपूर्वी अरबी मुलखातून खजुराची रोपं या वाळवंटात आली आणि कुणाला तरी हे नाव सुचलं म्हणे. सकाळच्या धुरकट उजेडात झाडांच्या रांगा दूरवर विरघळत गेलेल्या. पलीकडे खाऱ्या पाण्याचं मोठं तळं, त्याचा उग्र वास मधूनच येतो. गावातल्या पाट्या मात्र सगळ्या स्पॅनिश.

रस्त्यालगतच्या खजुराच्या दुकानात शिरलो. मालकीणबाई मूळच्या मेक्सिकोच्या, फोनवर स्पॅनिशमध्ये कुणावर तरी भडकलेल्या. एक शब्द सारखा येत होता: फुलानो. बाबांनी कान टवकारले. बाईंनी फोन ठेवला आणि बाबा मोठ्याने म्हणाले, "फलाणा!"

बाई चमकल्या, मग हसल्या. "हो, फुलानो! ज्याचं नाव घ्यायचं नसतं किंवा आठवत नसतं, तो. तुमच्यातही आहे?" त्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या.

"आहे ना," मी म्हटलं. "अमका-फलाणा."

बाबांनी चवीसाठी ठेवलेली खजुराची बशी पुढे ओढली. एक खजूर काउंटरच्या मधोमध ठेवला आणि खिडकीबाहेरच्या गावाच्या पाटीकडे बोट केलं. "इथून फौजा निघून राहिल्या," ते म्हणाले. वर दोन खजूर ठेवले. "दोन मोठी राज्यं. हे फलाणं, हे फलाणं. आपसात लढून दमलेली." खजुरांची एक रांग डावीकडे सरकली. "शंभरेक वर्षांत, फलाणा समुद्र ओलांडून..." शेवटचा खजूर बाईंपुढे. "फौजांसोबत हा शब्द तुमच्या भाषेत." दुसरी रांग उजवीकडे, माझ्यापर्यंत. "इकडे फलाण्या नदीपर्यंत. आपल्या बोलीत तो मागाहून आला, ह्यांच्या तोंडून." त्यांनी वरच्या दोघांतल्या इराणच्या खजुरावर टिचकी मारली.

इराण, स्पेन, सिंधू, सगळी नावं माझ्या जिभेवर तयार होती. मी ती गिळली आणि बाईंसाठी फक्त इंग्लिश करत राहिले.

"आणि जिंकलेल्या गावांतली माणसं?" बाईंनी विचारलं.

"काही मेली," बाबा म्हणाले. "बाकीची नवं बोलायला शिकली."

बाईंनी मान हलवली आणि नकळत स्पेन उचलून तोंडात टाकला. बाबा खो-खो हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. मला रडूच आलं, पण वर्ग चालू होता. मग खजुराचा मिल्कशेक आला. भयंकर घट्ट, दोघांत एकच घ्या.

परतीच्या वाटेवर बाबा थांबेचनात. फलाणा घाट, फलाणी गुरं, फलाण्या साली शाळेत आलेला फलाणा इन्स्पेक्टर. निम्मं मला कळलं नाही, तरी मी मुद्दाम उजव्या लेनमधून सावकाश आले.

घरी आल्यावर नवऱ्याने हळूच विचारलं, "घेतलं का तुझं नाव?" मी मान हलवली. नव्हतंच घेतलं. पुढेही येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. ते ऐकण्यासाठी मी वर्षभर जीव टांगून बसले होते, आणि त्या नादात बाबांना बोलूच देत नव्हते, हे मला कळून चुकलं होतं.

तेवढ्यात बाल्कनीतून खणखणीत हाक आली, "अगं ए फलाणे, चहा ठेवून राहिली का?"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी ओ दिली.