माचावरची पगडी

फ्रीगंज वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत माणसं चार होती आणि पगड्या पाच. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, मध्य भारत हे नवं राज्य आलं, वडिलांचं देवस्थान खातं दुसऱ्याच कुठल्या खात्यात मिसळलं आणि वडील काळी टोपी घालून नव्या साहेबांना नमस्ते करू लागले. पगड्या मात्र होत्या तिथेच होत्या. पणजोबांची एक, आजोबांच्या दोन, वडिलांच्या दोन. शिवाय अंगरखे, जरीचे शेले आणि कुणी कधी न घातलेल्या मोजड्या. हे सगळं एका संदुकीत, आणि ती संदूक स्वयंपाकघरात. आई तिच्यावर पाट ठेवून भाजी चिरायची.

दरबारी पोशाखाचं आता काही काम उरलेलं नाही, हे वडिलांना कळत नव्हतं असं नाही. पण दसरा आला की ते पगड्या बाहेर काढायचे, उन्हात ठेवायचे, कडुलिंबाचा वाळका पाला बदलायचे. एरवी अबोल माणूस, त्या दिवशी मात्र दरबाराच्या गोष्टी सांगायला लागला की थांबायचा नाही. मोर्चेलं, चोपदार, अत्तर, नजराणे. मी तोंडावर हसायचे. शाळेत आम्हाला लोकशाही शिकवत होते आणि मला वाटायचं, ती सर्वांत आधी मलाच कळली आहे.

मग थोरल्या भावाचं लग्न ठरलं. सून येणार म्हणजे तिचा पसारा येणार. आईने कंबर कसली. "अहो, लोकांच्या संदुकीत गहू असतात," ती म्हणाली, "आपल्या संदुकीत राजवाडा. हे फालतूचं झंझट आता हटवा." दुसऱ्या दिवशी तिने सराफ्यातून एका जरीवाल्याला बोलावलं. त्याने शेला चिमटीत धरला, जरीवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "माल असली है. जला के देखना पड़ेगा, चाँदी कितनी बैठती है."

जुनी जर जाळूनच चांदी काढतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनाही असणारच. पण तो शब्द ऐकला आणि ते जाऊन संदुकीवर बसले. कचेरीची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी जरीवाला कंटाळून निघून गेला आणि आईने त्या दिवशी भाजी जमिनीवर चिरली. वडील मला म्हणाले, "विकायला माझी ना नाही. पण पगडी ज्या डोक्यावर जाईल त्या डोक्यावर तिचं हसं होता कामा नये. तेवढं बघा, मग खुशाल विका." असं डोकं आता कुठून आणायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ते डोकं आपण होऊन आलं. गोपाळ मंदिरामागच्या एका गल्लीत एक हलवाई होता. त्याच्याकडची रबडी आम्ही सणासुदीला आणायचो. उंचापुरा, कढईसमोर बसून काळवंडलेला माणूस. दिवसभर दूध आटवायचा आणि होळीनंतर माचात राजा व्हायचा. माच म्हणजे आमच्या माळव्याचं गाण्यातलं नाटक. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच लाकडी मंच, शिडी लावून चढायचं, आणि सूर्य उगवेपर्यंत ढोलक. आईने रबडी घेता घेता त्याच्यापुढे पगड्यांचं गाऱ्हाणं गायलं असणार. तो संध्याकाळी हात धुऊन, कोरं धोतर नेसून आला आणि दारातच उभा राहिला.

"बा साब, कागद को मुकुट बांधी ने राजो बणां," तो वडिलांना म्हणाला. कागदाचा मुकुट बांधून राजा व्हावं लागतं, हे त्याचं दुखणं. "पागडी बिना राजा कई को राजा?"

वडिलांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग संदूक उघडून पणजोबांची पगडी दोन्ही हातांनी त्याच्या हातांवर ठेवली आणि मागच्या गच्चीत निघून गेले. बाकीचंही सगळं तोच घेऊन गेला. त्याने काय दिलं आणि आईने काय घेतलं, हे मी पाहिलं नाही. संदुकीत त्याच आठवड्यात गहू भरले गेले.

हलवायाच्या गल्लीतच माच ठरला तेव्हा वडील म्हणाले, मी येणार नाही. आई आणि मी शेजारणींबरोबर पहाटे निघालो, कारण राजाचा खरा थाट शेवटीच असतो. गल्लीत पोचून पाहते तर वडील आमच्या मागे, काठी घेऊन. फिरायला निघालो होतो, म्हणाले. फ्रीगंज सोडून रेल्वेपलीकडे इतक्या लांब ते आजवर कधी फिरायला आले नव्हते.

उजाडत होतं. लोक ओट्यांवर, छपरांवर, बैलगाड्यांवर बसलेले. आणि राजा आला. तो हलवाई आहे हे मला माहीत होतं, त्याच्या हातची रबडी मी खाल्ली होती, तरी माझे हात आपोआप जोडले गेले. पणजोबांचा अंगरखा त्याच्या खांद्यांवर असा बसला होता, जणू त्याच्याच मापाने शिवलेला. त्याने तान घेतली तशी छपरावरची कबुतरं उडाली. संदुकीतल्या त्या कापडात एवढं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी थक्क होऊन बघत राहिले.

तेवढ्यात पुढे बसलेले आमच्यातलेच, संस्थानी नोकरीतले दोन मराठी पेन्शनर खुसखुसले. "अरे, पगडी उलटी!" एक म्हणाला. खरंच होतं. ग्वाल्हेरी पगडीला चोच असते, ती समोर यावी लागते. हलवायाने ती मागे केली होती आणि वर मोराचं पीस खोचलं होतं. चूक त्याची नव्हतीच. पगडी कशी घालायची हे त्याला आमच्यापैकी कोणी सांगितलंच नव्हतं. मी वडिलांकडे वळले, तर ते जागेवर नव्हते.

ते शिडी चढत होते. पायजोडे खाली काढून, काठी तिथेच टाकून. ढोलकवाल्याचा हात थांबला. वर पोचल्यावर वडील सरळ राजाकडे गेले नाहीत. आधी थांबले, कमरेत वाकले आणि तीनदा मुजरा केला. मग पावलं मोजत पुढे झाले, दोन्ही हातांनी पगडी उचलली, फिरवली, चोच समोर आणून किंचित तिरकी बसवली. तो धिप्पाड माणूस लहान मुलासारखा डोळे मिटून मान पुढे करून उभा होता. खाली कोणी हसलं नाही. लोकांना वाटलं असणार, हा राज्याभिषेकच चालला आहे. मलाही दुसरं काही वाटलं नाही.

वडील पाठ न दाखवता मागे सरकू लागले. राजाने डोळे उघडले आणि आपल्या तख्तावर हात ठेवला. "बा साब, बिराजो."

वडील जागीच थबकले. इतकी शांतता होती की त्यांचा हळू आवाजही आम्हाला ऐकू आला. "आमच्या दर्जाला बैठक नाही," ते मराठीतच म्हणाले. "आम्ही उभ्याने."

दरबाराच्या त्या सगळ्या गोष्टींत हे एकच त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बसायचा मान सरदारांचा. माझे पणजोबा, आजोबा, वडील, सगळे त्या पगड्या घालून शेवटच्या रांगेत तासन् तास उभे राहून आले होते. 

हलवायाला मराठी किती कळलं कोण जाणे. त्याने वडिलांचा दंड धरला. "राज अबे म्हारो हे, बा साब," तो म्हणाला, म्हणजे राज्य आता त्याचं. "बेठो."

वडील बसले. आधी टोकावर, मग नीट मागे सरकून. ढोलक पुन्हा सुरू झालं, ऊन छपरांवरून खाली माचावर उतरलं आणि राजा त्यांच्या शेजारी उभा राहून गायला लागला. आईने पदर डोक्यावर सारखा केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"लग्न झाल्यापासून दरबार दरबार ऐकत आले," ती म्हणाली. "आज पाहिला."